कुत्रीचा तवा

दुष्काळाचं ते साल म्हटलं की मला आधी आठवते ती दुपार. पांढरी, उन्हानं थरथरणारी. मिरजगावाजवळच्या आमच्या वस्तीवर कडबा संपून गंजीची जागा मोकळी पडली होती. तिथं आमची तांबडी कुत्री चार पिलं घेऊन पडलेली, आणि मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन उंबऱ्यात पेंगत बसलेली. तिला दूध उतरत नव्हतं. पिलं आधी केकाटायची, मग नुसती हलायची. एक हललंच नाही, तेव्हा मी रडले. कुत्र्यासाठी काय रडायचं, असं म्हणाल. पण त्या दिवसांत तिचं पोट आणि माझं पोट मला वेगळं वाटतच नव्हतं.

सासूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या की मी कुत्रीपुढं तीन करवंट्या मांडायची. एकीत रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या वाळल्या भाकरीचा चुरा, दुसरीत भाजून भरडलेले हुलगे, तिसरीत बैलांच्या वाटणीची शेंगदाण्याची पेंड. मिलोला तिनं तोंड लावलं नाही. ती लाल भाकरी माणसांनाच नको व्हायची, तिला काय बोल लावायचा? हुलगे खाल्ले, पेंड चाटली. दूध मात्र नाही ते नाहीच.

माझं माहेर पुणतांब्याचं, गोदेकाठचं. मासळीनं बाळंतिणीला दूध येतं, हे ऐकतच आम्ही वाढलो. सासर मात्र माळकरी. घरात अंड्याचं टरफलसुद्धा चालायचं नाही. तरी शेजारणीकडून मूठभर सुकट आणली, पदराआड लपवून. आणि अक्कल बघा माझी, भाजली ती घरच्या भाकरीच्या तव्यावर! वास नाकात गेला आणि मी मनानं थेट माहेरच्या नदीवर पोचले. पाण्यात पाय सोडून किती वेळ बसले कोण जाणे. चिमूटभर तोंडात टाकावी असं फार वाटलं. टाकली नाही. सगळी चौथ्या करवंटीत ओतली. कुत्रीनं करवंटी चाटून पुसून पालथी केली.

तवा राखेनं तीनदा घासला. पण संध्याकाळी पहिला घास तोंडाशी नेला आणि सासूबाई थांबल्या. घास खाली ठेवून उठल्या, तवा उचलून अंगणात ठेवून आल्या. आता आपली रवानगी माहेरी, हे मी धरूनच चालले. ट्रंकेत लुगडीही भरून ठेवली.

दोन दिवस अबोला. मी रोज थोडी सुकट चोरून घालतच होते, आणि उरलेली तिन्ही पिलं आईला लुचायला लागली होती. तिसऱ्या दिवशी सासूबाई शेजारणीच्या दारातून सगळ्यांदेखत पुडी घेऊन आल्या. अंगणात तीन दगडांची चूल मांडली. गळ्यातली माळ चोळीत सारली, नाकाला पदर लावला आणि जन्मात न शिवलेली सुकट त्या तव्यावर टाकली. कुत्री शेपूट हलवत आली. तिला त्यांनी कोपरानं मागं सारलं आणि भाकरीवर सुकट घालून माझ्यापुढं ठेवली.

"तिला मागनं," त्या म्हणाल्या. "आदी तू खा. तुज्या पोटातल्यानं कुटं माळ घातलीया?"

पहिल्याच घासाला मला रडू फुटलं. उरलेलं कुत्रीला घातलं; फारसं उरलं नव्हतं.