बिनदाराच्या घराची पैज

राहीबाईशी पैज लावू नये, हे शिंगणापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिच्या पोटच्या पोराला, अंगदला, ते ठाऊक नसावं याचं मात्र नवल. सुप्याच्या कंपनीत लागल्यापासून तो विसरला असेल. नोकरी माणसाला बरंच काही विसरायला लावते, त्यात आईचा स्वभाव पहिला.

देवळाच्या वाटेवर राहीबाईचं रुईच्या माळांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक बाकडं आणि वर ताडपत्री. नवरा गेला तेव्हा अंगद अंगावर पीत होता. सासरच्यांनी माहेरी जा म्हणून सांगितलं, माहेरच्यांनी थोडे दिवस तिथंच थांब म्हणून निरोप धाडला. दोन्हींचा अर्थ एकच आहे हे ओळखून ही बाई जागची हलली नाही. दोन खणांचं मातीचं घर होतं, गावच्या रीतीप्रमाणे बिनदाराचं. बाभळीची चौकट तेवढी होती. तिला ना फळ्या, ना कडी, ना कोयंडा. राखायला देव बसलाय, मग दार कशाला, असं गाव म्हणतं. त्या घरात तिनं पोर वाढवलं, शिकवलं आणि बोहल्यावरही चढवलं.

यंदा अंगदनं ते घर पाडून तिथं स्लॅबचं घर बांधलं. फरशी आली, ओटा आला, ग्रॅनाइटची चौकट आली, तोवर राहीबाई कौतुकानं सगळ्यांना दाखवत होती. मग एके दिवशी टेम्पोतून लोखंडी दरवाजा उतरला. भिंतीला टेकवून ठेवलेला तो दरवाजा बघून तिचा चेहराच उतरला. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी वेल्डर येऊन तो बसवणार होता. अंगदचं म्हणणं सरळ होतं. काळ बदलला, आठवडाभर तो सुप्याला असतो, घरात दोघी बायाच. त्याची बायको पंकजा मिरजगावची, हायवेच्या कडेला कडी लावून झोपत वाढलेली. लग्न होऊन आल्यापासून तिला इथं धड झोप नव्हती. ती बोलली काहीच नाही, पण तिचं गप्प राहणं दाराच्या बाजूचं होतं.

राहीबाईला फार लागलं. रीत मोडते याचं वाईट होतंच, पण खरं दुखणं निराळं होतं. आज दार लागतंय, म्हणजे इतकी वर्षं आपण तान्ह्या पोराला घेऊन उघड्यावर राहिलो आणि ते आपल्याला कळलंच नाही, असं जणू पोरगा म्हणत होता.

त्यातच वास्तुशांतीच्या फ्लेक्सचा विषय निघाला. अंगदला त्यावर जुन्या घराचा फोटो हवा होता. सगळे फोन धुंडाळले. घर प्रत्येक फोटोत होतं, पण समोर कुणाचं तरी डोकं. पंकजा म्हणाली की आता फोनातल्या एआयला सांगितलं की तो हवं तसं चित्र काढून देतो. अंगदनं तिचाच फोन तोंडाजवळ धरून जुनं मातीचं घर मागितलं. घर आलं, त्याला नक्षीचं दार आणि दाराला पितळी कड्या. राहीबाई म्हणाली, आपल्या घराला दार कुठं होतं? अंगदनं पुन्हा सांगितलं, दार नको. या खेपेला दोन दारं आली आणि एकाला कुलूपही.

अंगद हसला. म्हणाला, "बघ आई, एवढं शिकलेलं यंत्र हाय. त्यालाबी कळतं, घर म्हनलं की दार लागतं."

तो थट्टेनं म्हणाला, पण तिनं थट्टा घेतली नाही. भरल्या अंगणात म्हणाली, "ह्याच फोनातनं बिनदाराचं घर काढून दावते. दावलं तर तुझं हे लोखंड माझ्या चौकटीला लागायचं न्हाई."

अंगदनं हसत हसत कबूल केलं आणि सोमवारी सुप्याला निघून गेला.

राहीबाईला अक्षरं जेमतेम येत, पण बोलण्यात तिला हरवणारा अजून जन्माला यायचाय. माईकचं चिन्ह दाबून बोलायचं, एवढं पंकजानं दाखवून दिलं. मग दुकानावर एका हातानं माळ आणि दुसऱ्या हातात फोन, असं सुरू झालं. "दार अजिबात नको" म्हटलं की आणखी मोठं दार येई. "कडीकोयंडा नको" म्हटलं की कोयंड्यावर नक्षी चढे. एकदा तिनं शनिदेवाची शपथ घातली, तर दारावर देवाचं चित्रच आलं. शेवटी तिनं त्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा फोननं कळवलं की आजची फुकटची चित्रं संपली, उद्या या. राहीबाई म्हणाली, हा तर रेशनवाल्याच्या वरताण निघाला.

शेजारी तेलाच्या बाटल्या विकणारा सूर्यभान रोजच्या रोज विचारी, आज किती दारं बसवली? या वयात हे काय खूळ, असंही तो म्हणाला. ती म्हणाली, वय विचारायला तू काय सोयरीक आणलीयस? सूर्यभाननं तेलाच्या बाटल्या पुन्हा एकदा नीट मांडल्या.

आठवडा सरत आला. वेल्डरचा निरोप आला की शुक्रवारी येतो. गुरुवारी सकाळी राहीबाई अंगणात फोन घेऊन बसली होती आणि पंकजा गहू निवडत होती. दाराच्या बाजूनं गप्प राहिलेल्या पंकजाला सासूची ही झटापट बघवेना. ती म्हणाली, "आत्या, तुमी सारखं दार दार करताय, म्हनून त्यो दारच काढतोय. दाराचं नावच घेऊ नका. तितं काय न्हवतं ते सांगू नका. काय हुतं, तेवढं सांगा."

ही गोष्ट राहीबाईला अंगदच्या लहानपणीच कळायला हवी होती. गुळाला हात लावू नको म्हटलं की तो नेमका गुळाकडेच जाई. तिनं समोरच्या नव्या चौकटीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि बोलायला लागली. मातीची भिंत, खाली गेरूचा पट्टा. बाभळीची काळी चौकट, डाव्या बाजूला चिरलेली. चौकटीतून आतली चूल दिसते, चुलीवर काळं पातेलं, मागं दोरीवर गोधडी. उंबऱ्यावर चौकटीला पाठ लावून एक बाई बसलीय, पाय दुसऱ्या बाजूला टेकलेत. मांडीवर पोर झोपलंय. बाई जागी आहे, रस्त्याकडं बघतेय. पंकजानं मागून तेवढं जोडलं, उभं चित्र पाहिजे.

चित्र आलं. पंकजाचं सूप मांडीवरच राहिलं. चौकट होती, चूल होती, गोधडी होती, उंबऱ्यावर बाई होती आणि दार कुठंच नव्हतं.

चुका होत्याच. बाईच्या हाताला सहा बोटं होती. पंकजा म्हणाली, पुन्हा काढू या. राहीबाई म्हणाली, राहू दे, एकटीनं घर चालवलं, एक बोट जास्तीचं लागलंच असेल. मग दोघींचं लक्ष एकदमच बाईच्या कपाळाकडे गेलं. तिथं रुपयाएवढं लाल कुंकू होतं आणि हातात हिरव्या बांगड्या. नवरा गेल्यापासून राहीबाईच्या कपाळाला काही लागलं नव्हतं. पंकजा हळूच म्हणाली की कुंकू काढून टाकायला सांगता येतं. राहीबाईनं फोन आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, त्याला तसं कुणी सांगायचं नाही.

शुक्रवारी सकाळी अंगद रजा टाकून आला. त्यानं चित्र पाहिलं, फोन उलटासुलटा करून पाहिला. हरलेल्या माणसाला खुसपट काढायचा हक्क असतो, तो त्यानं बजावला. "ही बाई मधी बसलीय म्हनून दिसत न्हाई. ती उठली तर मागं दार असंल."

राहीबाईनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "ती उठली न्हाई, अंगद. तू मोटा हुईस्तवर ती उठलीच न्हाई. गाव देवाच्या भरवशावर निजायचं, देव खोटा न्हाई. पन मी ह्या उंबऱ्यावर निजायची. तुला वाटलं दार न्हवतं. दाराच्या जागी मी हुते."

मातीच्या घरात आई कुठं झोपायची, हे अंगदला चांगलं आठवत होतं. का झोपायची, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. मग पंकजाच नवऱ्याला म्हणाली, "वेल्डरला फोन करा. येऊ नगा म्हनावं." राहीबाईनं सुनेकडं बघितलं आणि सांगितलं की माझी वाकळ चौकटीतच पडेल, तू बिनघोर नीज. माझ्या हाडांना थंडी सोसेनाशी झाली की मग तुमचं तुम्ही ठरवा.

घोडेगावच्या तौसीफनं फ्लेक्स छापून दिला. त्यानं साईज विचारली तेव्हा राहीबाईनं नव्या चौकटीची मापं सांगितली. वास्तुशांतीच्या दिवशी तो फ्लेक्स वेशीवर लागला नाही. वर दोरी ओवून तो चौकटीतच पडद्यासारखा सोडला. येणारा प्रत्येक पाहुणा उंबऱ्यावर बसलेल्या त्या बाईला नमस्कार करून, तिला हातानं बाजूला सारून आत येत होता.

राहीबाईची थोरली जाऊ, छबूबाई, जेवायला आली ती फ्लेक्सपुढेच थबकली. नवरा मेल्यावर हिला माहेरी जा म्हणून सांगणाऱ्यांत तिचाच आवाज मोठा होता. तिनं कुंकवाकडं बोट केलं आणि चारचौघींत विचारलं, हे कुणाला विचारून लावलं?

राहीबाई वाढत होती. हातातली पळी खाली न ठेवता म्हणाली, "कुनाला न्हाई. यंत्राला कुनी शिकवलं न्हवतं, विधवेनं काय लावायचं न्हाई ते. त्याला दिसली तशी बाई त्यानं काढली. मी म्हनलं, आता पुसायला कोन येतंय बघू."

पुसायला कुणी आलं नाही. छबूबाई जेवली, दोनदा भात घेतला आणि जाताना फ्लेक्स बाजूला करून निमूट गेली.

दरवाजा परत घ्यायला दुकानदार तयार होईना. दुसऱ्या दिवशी अंगदनं तो गच्चीवर नेला आणि चार विटांवर आडवा टाकला. लोखंड उन्हानं चांगलं तापतं. सासू-सुनेच्या कुरडया आता त्याच्यावर वाळतात.