पाणसळ आणि उशी

पोलादपूरजवळ ओळखीच्या एका आजोबांच्या माळावर आम्ही दरवर्षी आमची कॅरव्हॅन लावतो. गाडी जरा कलती राहिली, तरी बायकोला झोप लागत नाही. आजोबा जुने गवंडी. चाकांखाली चपटे दगड सरकवतात, पण पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला तरी त्यांना पटत नाही. "झोपनार कोन, बुडबुडा का मानूस?" म्हणत चपला काढून ते आमच्याच गादीवर आडवे होतात.

यंदा तिथूनच ओरडून त्यांनी मला दगड हलवायला लावले. "आता बेस हाय," म्हणाले आणि घोरू लागले. आम्ही बाहेर ताटकळलो. तासाभराने ते उतरले, तशी गाडी पुन्हा कलली.

"लेवल माझ्या वजनावर लागलीय," ते गंभीरपणे म्हणाले, आणि घरून स्वतःची उशी घेऊन आले.