काळजाची गोळी

मटणाच्या दुकानात माझ्या पुढची बाई म्हणाली, "भाऊ, काळीज थोडं जास्त घाला." काळपट, तुकतुकीत तुकडा तराजूत पडला आणि मला आमचे हे आठवले.

यांना एचआयव्ही होता, सोबतीला बी प्रकारची कावीळ. डॉक्टर 'यकृत' म्हणायचे तेव्हा हे शेजाऱ्याचं दुखणं ऐकल्यासारखे बसत. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "काका, काळजाला सूज आहे. ही एकच गोळी दोन्ही आजारांना आवरून धरते. बरं वाटलं म्हणून सोडलीत, तर कावीळ उसळेल." तेव्हा कुठे हे दचकले.

सासूबाईंना आम्ही काळजाला सूज आहे एवढंच सांगितलं. "मन कुणी दुखवलं गं याचं?" म्हणत त्यांनी माझ्याकडेच रोखून पाहिलं! आपली भाषाही गंमतच. जे खाटकाच्या तराजूत पडतं, तेच आपल्या छातीत धडधडतं, तेच लेकरासाठी तुटतं.

गोळी उष्ण पडते म्हणून हे कुरकुरायचे. जेवणं झाली की मी विचारायची, "अहो, काळजाची गोळी घेतलीत का?"

"काळीज तुझ्यापाशी आहे. तूच घे," म्हणायचे, आणि हसत गिळायचे.

पुढे बऱ्याच वर्षांनी हे गेले, ते न्यूमोनियाने. डॉक्टर हळहळून म्हणाले, "यकृत मात्र शेवटपर्यंत छान राहिलं होतं."

राहणारच. माझ्यापाशी होतं ना.