फारसीतला उखाणा

मुगाच्या वड्या अर्ध्या बाजेवर टाकून झाल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या बाजेवर धुतलेलं धोतर कोरंच पसरलेलं होतं. रुख्मिणीची बोटं वाटल्या डाळीने भरलेली, आणि दारात टांगा येऊन उभा.

"ऊठ वो," सासू रंगूबाई म्हणाली. "गाडी काय तुह्या वड्यायसाठी थांबनार हाय? मी टाकतो उरलेल्या."

"आत्याबाई, तुमाले वाकवत नाही."

"मले वाकवत नाही, अन् तुले तरी बोलवते का कोनापुढं? तरी चाललीच नं नागपूरले? जाय, हात धू. देवापुढं डोकं टेकव."

रुख्मिणीने हात धुतले, देवघरात बालाजीच्या तसबिरीपुढे वाकली. मागणं एकच होतं. लेखी पेपर चांगले गेले आहेत देवा, तोंडी परीक्षेत तेवढं तोंड उघडू दे.

ही सदतीस सालची गोष्ट. वाशिमच्या मुलींच्या शाळेत एक फारसीचा वर्ग होता. मुसलमान व्यापाऱ्यांच्या, अत्तारवाल्यांच्या मुली तिथे यायच्या. मेहरुन्निसा बी नावाच्या म्हाताऱ्या बाई शिकवायच्या. त्या मुलाकडे हैदराबादला जायच्या झाल्या, तेव्हा वर्ग कोणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न पडला. पुरुष मास्तर ठेवला तर घरचे लोक मुलींना पाठवणार नाहीत. आणि इन्स्पेक्टरसाहेबांचं म्हणणं स्पष्ट होतं : विद्यापीठाचं सर्टिफिकेट असलेली बाई सदतीसच्या उन्हाळ्याच्या सुटीआधी मिळाली तर वर्ग राहील, नाहीतर कायमचा बंद.

रुख्मिणीचे वडील कचेरीत जुने फारसी कागद वाचून द्यायचे. त्यांच्याजवळ बसून तिने लहानपणीच ती लिपी उचलली होती. मेहरुन्निसा बींनीच तिला गाठलं. "बेटी, तू पढ ले. हमारी लड़कियां तेरे पास बैठेंगी, किसी और के पास नहीं." नवरा शालिग्राम शेतीवाडीचा माणूस, पण मनाने मोकळा. त्याने हो म्हटलं. रंगूबाईने आठवडाभर फुगून घेतलं, मग तीही हो म्हणाली. दोन हिवाळे रुख्मिणी नागपुरात मावशीकडे राहिली आणि विद्यापीठाच्या फारसी वर्गात दाराजवळच्या बाकावर, डोक्यावरचा पदर सावरत शिकली. लिहिण्यात ती कोणाला ऐकायची नाही. बोलायची वेळ आली की मात्र कानशिलं तापायची. इकडे बींनी गाव सोडलं, वर्गाला कुलूप लागलं, मुली घरी बसल्या.

तर असं सगळं त्या तोंडी परीक्षेवर येऊन ठेपलं होतं.

शालिग्राम सोबतीला होता. विद्यापीठाच्या व्हरांड्यात तो फेटा मांडीवर घेऊन बसला आणि रुख्मिणी आत गेली. खोलीत दोघे परीक्षक. एक तिचे शिकवणारे फय्याजसाहेब, ते फक्त बसून ऐकणार, मध्ये बोलायची त्यांना मुभा नाही. दुसरे दूरच्या मुलखातून आलेले, पांढऱ्या दाढीचे, चष्म्याच्या वरून बघणारे. प्रश्न विचारणार ते.

"नाव काय?" त्यांनी फारसीत विचारलं. तिने सांगितलं.

"गाव?" तेही सांगितलं. गावात काय पिकतं, तळं आहे का, देऊळ कोणाचं, सगळ्याची उत्तरं आली. आवाज आधी कापत होता, मग स्थिरावला. फय्याजसाहेबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. आणि मग म्हाताऱ्या परीक्षकांनी अगदी सोपा म्हणून पुढचा प्रश्न विचारला.

"तुमच्या यजमानांचं नाव?"

रुख्मिणीने पदर पुढे ओढला.

त्यांनी पुन्हा विचारलं, हळू, लहान मुलाला विचारावं तसं एकेक शब्द सुटा करून. रुख्मिणीने मान खाली घातली. नवऱ्याचं नाव! लग्नात सगळ्यांनी भरीस घालून एकदा घ्यायला लावलं होतं, त्यानंतर ते तिच्या ओठांवर आलेलं नव्हतं. खानेसुमारीवाला घरातल्यांची नावं लिहून घ्यायला दारात आला होता तेव्हाही तिने सासूला पुढे केलं होतं. आणि इथे दोन परक्या पुरुषांसमोर?

"हिला साधा प्रश्न कळत नाही," अशा चेहऱ्याने म्हाताऱ्यांनी दौतीत टाक बुडवला. फय्याजसाहेब खुर्चीत चुळबुळायला लागले. त्यांना सगळं कळत होतं, पण बोलता येईना. तो टाक कागदाला टेकला की वर्ग गेला, हे रुख्मिणीला दिसत होतं. हैदराबादला बसलेल्या बी दिसत होत्या. घरी बसलेल्या पोरी दिसत होत्या.

बालाजी, तूच बघ आता, असं ती मनात म्हणाली आणि तिला सुचलं. नाव नुसतं घेता येत नाही. पण उखाण्यात बांधून घेता येतं की!

"परवानगी असेल तर शेरात सांगते," ती फारसीत म्हणाली.

टाक थांबला. "सांगा."

रुख्मिणीने पदर घट्ट धरला आणि एका दमात, लग्नात घ्यावं तशा खणखणीत आवाजात घेतलं :

"गुल दर बाग़ अस्त, माह बर बाम,
नाम-ए-शौहर-ए-मन शालिग्राम!"

बागेत फूल आहे, घराच्या धाब्यावर चंद्र आहे, माझ्या नवऱ्याचं नाव शालिग्राम. म्हातारे परीक्षक "वाह!" म्हणून टेबलावर हात मारणार, तेवढ्यात दार उघडलं आणि फेटा घाईघाईने डोक्यावर ठेवत शालिग्राम आत आला.

"जी साहेब, मीच. हाक मारली नं मले?"

क्षणभर कोणाला काही कळेना. मग फय्याजसाहेबांना हसू आवरेना. रुख्मिणीने तोंड पदरात लपवलं. शालिग्राम बिचारा एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. बायकोच्या तोंडून नाव ऐकायची सवयच नव्हती, त्याला वाटलं साहेबांनीच पुकारा केला.

फय्याजसाहेबांनी अखेर सगळा उलगडा केला. म्हाताऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मियां, बैठो," ते शालिग्रामला म्हणाले. "हमारी बेगम हमें बन्नो के अब्बा कहती हैं. बन्नो अब खुद नानी है, मगर हमारा नाम आज तक नहीं लिया." मग रुख्मिणीकडे वळून म्हणाले, "मुकर्रर, बेटी!" म्हणजे पुन्हा एकदा म्हणा.

"एकदाच घेतात, साहेब," रुख्मिणी पदराआडून म्हणाली. तेही फारसीत.

टाक कागदावर चालला तो बराच वेळ चालला. बाहेर आल्यावर फय्याजसाहेब मागोमाग आले. "पास झालात, बाई. बोलण्यात वर्गात पहिल्या. सर्टिफिकेट येईल मागाहून, शाळेला मी आजच तार करतो." रुख्मिणी व्हरांड्याच्या पायरीवरच बसली. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. शालिग्रामने तिला हौदावरून पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाला, "आवाज चांगला हाय वो तुहा." त्यावर तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

वाशिमला परत आल्यावर रंगूबाईला सगळं सांगावंच लागलं. ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दोन परक्या मानसायसमोर नाव घेतलं?"

"उखान्यात घेतलं, आत्याबाई."

"मंग काय झालं! उखान्यात घेतलं तं घेतलं." रंगूबाईचा जीव भांड्यात पडला. "अर्थ काय त्याचा? सांग मले."

रुख्मिणीने सांगितला. रंगूबाईने ओसरीवर लोळत पडलेल्या लेकाकडे एकवार पाहिलं.

"ह्याले चंद्राच्या जोडीले बसवलं तू? हे तं दुपारपासून घोरून राह्यलं! फारशीत लयच खोटं बोलता येते वाट्टे."

ती खुदुखुदु हसत आत गेली. देवापुढे साखर ठेवून आली आणि एक चिमूट सुनेच्या तोंडात घातली.

रुख्मिणीने लुगडं बदललं, कपाळावरचं कुंकू नीट केलं. फारसीच्या वर्गाला अजून कुलूप होतं आणि किल्ली हेडबाईंच्या घरी होती. ती आणायला रुख्मिणी निघाली.