काशी उजव्या हाताला

फुलेसरी काकीनं पंचक्रोशी सहा वेळा केली होती आणि त्यातली एकही स्वतःसाठी नव्हती. पहिली सासूच्या नावानं. दुसरी नवऱ्याच्या, तो राजघाटावर होडी वल्हवायचा, पाण्यात वाघ, पण जमिनीवर कोसभर चालला की कण्हायला लागायचा. मग नणंद, मग जाऊ, मग आणखी कुणी. दर तीन वर्षांनी मलमास, म्हणजे अधिक महिना आला की काकीनं पाच दिवस अनवाणी काशीला प्रदक्षिणा घालायची आणि पुण्य दुसऱ्याच्या ओच्यात टाकायचं.

यंदा मणिकर्णिकेवर पंडाजींनी तिच्या ओंजळीत पाणी घातलं. "कुणाच्या नावानं, फुलेसरी?"

"माझ्या."

"तुला काय झालंय? चांगली चालतेयस की!"

"म्हणूनच. पुढच्या खेपेला हा गुडघा नाही म्हणणार आहे. सोडा संकल्प."

बरोबर आम्ही तिघी होतो: तिची सून सरोजा, आमच्या गल्लीतली बिंदो भौजी आणि मी. भौजीचे पाय थकत, तोंड कधीच नाही.

तिसऱ्या दिवशी भीमचंडीचा मुक्काम मागे टाकून पुढच्या मुक्कामाला, रामेश्वराकडे निघालो. वाटेत नवा मोठा रस्ता आडवा येतो, त्याच्याखाली दोन बोगदे. जुनी वाट डाव्या बोगद्यातून जाते, पण तिथं घोटाभर चिखल होता. उजवा कोरडा होता. भौजी आत घुसली, तिच्यामागून आम्ही, आमच्यामागून काकी. अर्ध्या कोसानं दोन्ही वाटा पुन्हा एक होतात, तिथं चहाची टपरी आहे. भौजीनं डावीकडे वळून चूळ भरली आणि बसकण मारली.

काकी बसली नाही. "विनायक कुठाय?"

"कुठला?"

"आमराईच्या आधी लागतो तो. आमराई मागे गेली. विनायक आलाच नाही."

सरोजानं शेतापलीकडे बोट दाखवलं. विनायकाची लाल झेंडी फडफडत होती. डावीकडे.

पंचक्रोशीत काशी उजव्या हाताला राहते आणि देवही. देव डावीकडे गेला, म्हणजे आम्ही वाट सोडून आत शिरलो होतो. संकल्प मोडला होता.

"इथूनच हात जोड ना," भौजी म्हणाली. "त्याला काय दिसत नाही?"

"दिसतं. म्हणूनच जाते परत."

"परत कशी जाशील? वळलीस की काशी डाव्या हाताला! एक चूक झाली, आता दुसरी कर."

हे खरं होतं. काकीनं सत्तूची पुरचुंडी कमरेला घट्ट बांधली, पदर खोचला, तोंड रामेश्वराकडेच ठेवलं आणि एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं.

"अगं बाई!" भौजीनं कपाळावर हात मारला. "आता उलटी चालणार ही!"

"काशी कुठाय माझ्या?"

"उजवीकडे," मी म्हणाले.

"मग झालं तर."

टपरीवाल्याला हसू आवरेना. "माताजी, गिअर अडकला का?"

"तुझ्या जिभेचा अडकव आधी," काकी म्हणाली आणि मागे मागे निघाली.

मी आणि सरोजाही तशाच निघालो. संकल्प आमचाही होता. सरोजा मान वळवून वाट बघायची. "अम्मा, खड्डा. अम्मा, शेण. अम्मा, म्हैस आहे, थांबा."

"म्हशीला सांग थांबायला."

दोनदा काकी पडली. दुसऱ्यांदा गुडघा फुटला, रक्त पोटरीवर आलं. सरोजा रडवेली झाली. "अम्मा, पुरे. देव रागावणार नाही हो."

"देवाचं कोण बोलतंय? सहा वेळा लोकांचं नीट केलं. माझं एकदाच आहे, ते मी अर्धवट करू?"

बोगद्यापाशी पोचायला ऊन डोक्यावर आलं. तिथून डावीकडचा चिखल तुडवत आम्ही सरळ चालीनं जुन्या वाटेला लागलो. विनायक रस्त्याच्या मुरमात कमरेपर्यंत पुरला होता. काकीनं हातानं मुरूम उकरला, लोट्यातलं पाणी घातलं, कपाळ टेकलं. काही मागितलं असेल तर आम्हाला ऐकू आलं नाही.

टपरीशी आलो तर बाकडं रिकामं.

"आमची भौजी कुठाय?" काकीनं विचारलं.

"गेल्या की!" टपरीवाला म्हणाला. "तासभर तुमच्या नावानं खडे फोडले, मग उठल्या आणि तुमच्यासारख्याच उलट्या पावलांनी बोगद्याकडे निघाल्या. मी हसलो तर मलाही शिव्या."

सरोजा म्हणाली, "अम्मा, आपण होऊ या पुढे. रामेश्वर लांब आहे, तुमचा पाय..."

काकी डाव्या कडेला बाकड्यावर बसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. "चहा टाक रे," ती म्हणाली. "आणि सरोजा, तू जा बोगद्याकडे, मागं मागंच. तिला खड्डे दाखवायला कुणी नाही."