शेवयावाल्या मावशींचं मशीन

शेवयावाल्या मावशींच्या घरात शेवयांचं मशीन क्वचितच दिसे. आंधळगावच्या शाळेत शिकवत असताना मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होते. उन्हाळ्यात त्या गावाच्या शेवया करून देत. त्यावरच त्यांचं वर्ष निघे. पण दुपारी काम आटोपलं, की ते जडशीळ मशीन शेजारच्या कुणाच्या तरी अंगणात गेलेलं असे. "भाडं तरी घ्या," मी एकदा म्हटलं.

"लोखंड हाय मॅडम. बसून रायलं तं गंजते."

एका चैत्रात मशीन त्यांच्या भाच्याकडे होतं, आणि नेमका तेव्हाच तिथे कोर्टाचा बेलिफ आला. भाचा एका व्यापाऱ्याचा दावा हरला होता, पैसे भरले नव्हते. टीव्ही, कूलर आणि त्यांच्यामागोमाग मशीनही जप्तीच्या यादीत चढलं. भाचेसून नर्मदा "हे मावशीचं हाय" म्हणत राहिली. बेलिफ म्हणाला, "तसं कोर्टात सांगा."

मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. हंगाम तोंडावर आला होता. पेटीतून जपून ठेवलेलं बिल काढलं, तर त्यावरची अक्षरं पार उडून गेलेली. मावशींच्या वकिलांनी हरकत अर्ज लावला आणि साक्षीदार मागितले. मावशींनी गल्लीतल्या तीन बायका गोळा केल्या, मला रजा टाकायला लावली आणि सगळ्यांना एसटीत बसवून मोहाडीच्या कोर्टात नेलं.

व्यापाऱ्याच्या वकिलांनी शेजारच्या सुमनबाईंना विचारलं, "मशीन तुमच्या घरी राहायचं?"

"रायचं जी."

"या दुसऱ्या बाईंच्या घरी?"

"तिच्याबी घरी."

"मग सगळ्यांच्या घरी राहिलेलं मशीन एकटीचं कसं?"

"साहेब, ठेवलं सगळ्यायनं. पण न्यायच्या आधी विचारलं एकीलेच."

न्यायाधीशांनी मान खाली घालून ते लिहून घेतलं. हसू मात्र लपलं नाही. पुढच्या तारखेला मशीन मोकळं झालं.

ऑटो दारात थांबला तेव्हा भाचा खाली मान घालून उभा होता. मावशी म्हणाल्या, "पाहून काय रायला? धर तिकडून!" चौथ्या दिवशी मशीन सुमनबाईंकडे गेलं.

पुढे माझी बदली झाली. गेल्या वर्षी मावशी वारल्या. भेटायला गेले, तर नर्मदा त्याच मशीनवर शेवया पाडत होती.

"मले देऊन गेल्या," ती म्हणाली. "या खेपेले कागद करून." तिने प्लास्टिकच्या पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. मावशींच्या वाकड्या सहीच्या वर, वकिलाशी भांडून घालून घेतलेली एक ओळ होती : 'विचारायला आलेल्या बाईला नाही म्हणू नये.'