तोंडातली लाईट

नव्वदच्या दशकात मी डहाणूला दातांच्या एका दवाखान्यात नर्स होते. तिथली जुनी माणसं आजही भेटली की बोलणं फिरून त्या लाल लाईटवर येतं, आणि एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीला दुसरा आठवलेला असतो.

तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणारे, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत ‘शेक’ घेणारे पेशंट. शेक मोठ्या हॉस्पिटलात, पण तोंड दाखवायला ते आमच्याकडे यायचे. शेकाने तोंड आतून सोलवटतं, पाणीसुद्धा झोंबतं. काही जण त्यापायी शेक अर्धवट सोडून घरी बसायचे. म्हणून आमच्या डॉक्टरांनी लेझरचं छोटं मशीन आणलं. पेनासारख्या दांडीतून लाल उजेड पडायचा, तो तोंडात धरायचा. “फोड थांबणार नाहीत, पण कमी येतील,” असं ते प्रत्येकाला सांगायचे.

पहिले पेशंट रेल्वेतले क्लार्क. तोंडात लाईट देणार, एवढंच त्यांच्या कानावर आलेलं. पायात गमबूट, हातात रबरी मोजे घालून ते खुर्चीत बसले आणि बायकोला म्हणाले, “काही झालं तरी मला हात लावू नकोस.”

लेझरच्या वेळी डोळ्यांना काळा चष्मा लागतो. चिकूचे एक व्यापारी होते, त्यांना वाटलं, सोबतच्यांनाही लागत असणार. दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब गॉगल लावून बाकावर ओळीने बसलं. दाढदुखीचा एक माणूस दारातून डोकावला. डोळ्यांचं शिबिर आटोपलं की येतो, म्हणाला. परत आलाच नाही.

कोसबाडच्या एका मास्तरांना रोजची खेप जड जायची. लालच उजेड ना, म्हणून ते घरी देवघरातल्या झीरोच्या बल्बसमोर तोंड उघडून बसायला लागले. मास्तरांची भक्ती वाढली म्हणून घरच्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला आणि मास्तरांना रोज आणायला स्वतःची स्कूटर पाठवली.

आणि चिंचणीच्या जमनाबाई. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारायच्या, आवाज लांबच्या होडीपर्यंत जायचा. आमच्याकडे आल्या तेव्हा निम्मा शेक झाला होता आणि बोलणं बंद. नवरा काशिनाथ डॉक्टरांना म्हणाला, ही आता शेकाला जायला नाही म्हणते. डॉक्टरांनी हात जोडले, आठवडाभर तरी बघा म्हणाले.

काशिनाथ त्यांना रोज सायकलवरून स्टँडवर आणायचा, तिथून एसटीने आमच्याकडे. तिसऱ्या आठवड्यात त्या पेज प्यायला लागल्या. शेक पुरा झाला.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, बोलता येतं का. त्या उठल्या, दारात गेल्या. समोरच्या टपरीवर काशिनाथ बिडी पेटवत होता. त्यांनी त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट अशी काही हाक मारली, की केमिस्ट दुकानाबाहेर आला आणि एक रिक्षा थांबली.

काशिनाथने बिडी टाकली. डोळे पुसत तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

“अजून,” तो म्हणाला. “अजून बोल.”